न्याहारीसह खोली

जाग आली तरी खुर्चीवाले लगेच डोळे उघडत नसत. आधी आपण कुणाच्या घरी आहोत ते आठवून घेत. उशी दगडासारखी लागली तर निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं घर. गादी मधोमध खचलेली असली तर अबोला धरलेल्या जोडप्याचं. खालून कुत्र्याच्या नखांची टकटक आली तर बेकरीमागची गल्ली. एवढं नक्की झालं की मग डोळे उघडायचे आणि कुठल्या बाजूने उतरलं म्हणजे डोकं उतरत्या छताला आपटत नाही ते आठवायचं. नोकरीच्या सुरुवातीला हा क्रम उलटा असे. त्याची खूण त्यांच्या कपाळावर कायमची राहिली होती.

धंदा म्हणाल तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या दुरुस्त करणे. लहान गावात दातांचा डॉक्टर एकच असतो आणि त्याच्याकडे खुर्चीही एकच असते. ती खुर्ची बिघडते ती नेहमी एकाच तऱ्हेने. पंपातलं वायसर झिजतं, तेल गळायला लागतं आणि खुर्ची आपोआप खाली बसू लागते. पेशंट तोंड उघडून हळूहळू खाली जातोय आणि डॉक्टर हातातलं यंत्र सावरत त्याच्यामागोमाग वाकत चाललेत, हे दृश्य खुर्चीवाल्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं, की त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटेनासं झालं होतं. ते कोट काढून, गुडघ्याखाली वर्तमानपत्र घालून, खुर्चीच्या पोटात हात घालत. काम झालं की संध्याकाळी मुक्कामाला, सकाळी न्याहारी, आणि मग पुढचं गाव.

हॉटेलात ते उतरत नसत. हॉटेलात सकाळी ‘झोप लागली का’ असं कुणी विचारत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्यांना आवडायची ती दारावर ‘न्याहारीसह खोली’ अशी पाटी लावलेली घरं. मुलगा परदेशी गेला, सासूबाई गेल्या, नाहीतर घर बांधताना उगाच हौस केली, म्हणून एक खोली रिकामी असते. त्या खोलीत घरातल्या नको झालेल्या सगळ्या वस्तू सन्मानाने मांडून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यात मधोमध आपण निजायचं. एका घरी तर पलंगाच्या डोक्याशी यजमानांच्या वडिलांचा मोठा फोटो होता, असा रोखून बघणारा, की खुर्चीवाले कपडे बदलताना त्याच्याकडे पाठ करत. न्हाणीघरातल्या पाट्या तर त्यांना तोंडपाठ होत्या. ‘गरम पाण्याचा नळ हा थंड पाण्याचा आहे.’ ‘साखळी एकदाच आणि निर्धाराने ओढावी.’

अबोल्याच्या घरी न्याहारीच्या वेळी त्यांना दुभाष्याचं काम असे.

“यांना सांगा, मीठ त्यांच्या हाताशीच आहे,” बाई म्हणत.

“मीठ तुमच्या हाताशीच आहे,” खुर्चीवाले सांगत.

“त्यांना सांगा, मला दिसतंय,” यजमान म्हणत.

एवढं पोचवून झालं की खुर्चीवाले आपल्या अंड्याकडे वळत. ही दोघं का बोलत नाहीत, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. तसा धडाच त्यांना मिळाला होता.

तो असा. उमेदीच्या काळात ते एका घरी उतरले होते. घर छान, खोली छान, पावाचे काप हातभर जाड. भल्या सकाळी भिंतीपलीकडून कुणी तरी रडतंय असं त्यांना वाटलं. खुर्चीवाल्यांचा जीव राहीना. ते पेल्यात पाणी घेऊन गेले आणि शेजारच्या दारावर त्यांनी टकटक केली. दार घरधन्याने उघडलं. त्याने पाणी पाहिलं, खुर्चीवाल्यांना पाहिलं, आणि थंडपणे म्हणाला, “तुमची खोली ती.” पुढच्या खेपेला त्या घरी खोली रिकामी नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेलाही नव्हती. त्या गावात दुसरी जागा नसल्याने त्यांना पुढची काही वर्षं दवाखान्यातच, दुरुस्त केलेल्या खुर्चीवर झोपावं लागलं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. भिंतीपलीकडे जे होतं ते आपल्याला ऐकू येत नाही. न्याहारीची हाक येईपर्यंत खाली उतरायचं नाही. आपलं अंथरूण आपण आवरायचं, दाढी करून, बूट घालून, पलंगाच्या कडेवर तयार बसायचं. हाक आली की खाली जाऊन ‘मस्त झोप लागली’ म्हणायचं. लागली नसली तरी. असा पाहुणा कुणाला नको असेल? सगळ्या रस्त्याभर त्यांचं नाव होतं. “खुर्चीवाले येऊन गेले तरी कळत नाही हो,” असं मुख्याध्यापिकाबाई म्हणत, आणि त्यांच्याकडून हे म्हणजे शंभरपैकी शंभर.

अडचण एवढीच होती की ते स्वतःच्या घरीही तसेच यायचे.

महिन्यातून मोजके दिवस घरी. तेवढ्या दिवसांत सवय कुठे बदलणार? सकाळी चादरीच्या घड्या घालून पायथ्याशी ठेवलेल्या. टॉवेल दांडीवर चौकोनी. बायको हाक मारेपर्यंत वरच्या खोलीत गुपचूप. खाऊन झालं की बशी उचलून, “छान होतं हं सगळं. उगाच तुम्हाला त्रास,” असं एकदा तोंडातून गेलं. बायकोने चमचा खाली ठेवला.

“मला ‘तुम्हाला’ म्हणालात?”

“सवयीने गेलं गं.”

“असू दे. आवडलं मला. निघताना किल्ली टेबलावर ठेवा.”

त्या दिवसापासून ती त्यांना ‘पाहुणे’ म्हणू लागली. “पाहुणे, पाणी तापलंय.” “पाहुणे, यंदा किती मुक्काम?” बाई हसरी होती, शिलाईचं काम घरीच करायची, आणि गिऱ्हाइकांच्या मापांइतकीच नवऱ्याचीही मापं तिला पक्की ठाऊक होती. मुलीला शाळेत ‘माझे बाबा’ सांगायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माझे बाबा येतात, नाश्ता करतात आणि जातात.” वर्गाच्या बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खोटं काय आहे त्यात?”

हे सगळं हसण्यावारी जात होतं, आणि खुर्चीवाले निवृत्त झाल्यावरही गेलं. मुलगी एव्हाना नोकरीला लागून दुसऱ्या शहरात एकटी राहत होती. बायकोचे गुडघे दुखत म्हणून ती खाली झोपे, हे वर. आता रोजच मुक्काम, तरी रीत तीच. अंथरूण, दाढी, बूट, पलंगाची कड. हाक. “अहो, निवृत्त झालात ना? खाली येऊन चहा ठेवलात तर कंपनी काही म्हणणार नाही,” बायको म्हणायची. ते हसायचे. साखर कुठल्या डब्यात असते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबे उघडून बघायची त्यांना सवय नव्हती.

एका सकाळी खालून धपकन आवाज आला. मग एक भांडं गोल गोल फिरत राहिलं आणि थांबलं. मग खुर्ची फरशीवरून ओढल्यासारखा आवाज, पण खुर्चीचा नव्हे.

खुर्चीवाल्यांना जाग आली. आपण कुणाच्या घरी आहोत हे आठवायला त्यांना त्या दिवशी अजिबात वेळ लागला नाही. आपल्याच घरी आहोत हे त्यांना पक्कं कळलं होतं. पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. झोपेत होतो, गोंधळलो, असं स्वतःशीसुद्धा म्हणायची सोय नव्हती. त्यांनी ऐकलं आणि जसं नेहमी करतात तसं ते ऐकणं बाजूला ठेवलं. पडलं असेल काही. आपण धावत गेलो तर तिलाच ओशाळं होईल. हाक मारेल. ते उठले, चादर झटकली, घड्या घातल्या. नळ सोडला, दाढी केली. गालाला तुरटी लावली. बूट घातले, नाडी बांधली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिले.

हाक आली नाही. चहाचा वासही आला नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली सरकत सरकत त्यांच्या बुटांपर्यंत आलं, तेव्हा ते जिना उतरले.

ती ओट्याखाली पडली होती. एक हात अंगाखाली अडकलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते, आणि ते दाराकडे लागलेले होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली. जीव वाचला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. थोडं आधी आणलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. हे ते सगळ्यांनाच सांगत असावेत, कारण सांगताना ते दुसऱ्या पेशंटचा कागद बघत होते.

मुलगी मिळेल त्या गाडीने आली. आईच्या पायाशी उभी राहून तिने विचारलं, “बाबा, तुम्हाला काहीच आवाज नाही आला?”

“नाही,” खुर्चीवाले म्हणाले.

पलंगावरचे डोळे त्यांच्याकडे वळले आणि तिथेच राहिले.

घरी आणल्यावर मुलगी म्हणाली, थोडी हिंडती-फिरती झाली की आईला मी घेऊन जाते. “तुम्हाला नाही जमणार बाबा. तुम्हाला या घरात काय कुठे असतं तेसुद्धा माहीत नाही.” खरंच होतं. पण खुर्चीवाल्यांनी हट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदाच. मला थोडे दिवस दे, मी तिचं सगळं करीन, आणि नाही जमलं तर मग घेऊन जा. मुलगी रजा संपवून गेली, दर आठवड्याला येऊन बघायच्या अटीवर.

मग त्या घरात जे सुरू झालं ते शेजारच्या दुकानदाराने चवीने पाहिलं. खुर्चीवाल्यांनी एका दवाखान्यातून निकामी झालेली खुर्ची मागून आणली, नवं वायसर घातलं, तेल भरलं आणि ती बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी उभी केली. पलंगावरून तिला उचलून तीत बसवायचं आणि मग पायाने दाबून हवं तेवढं वर घ्यायचं. केस विंचरायला एवढं, भरवायला एवढं, खिडकीतून रस्ता दिसायला अजून थोडं. मुलगी आली आणि दारातच थबकली.

“हे काय? आईचे दात काढताय?”

आईच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसल्यासारखी. दुखण्यानंतरचं ते पहिलं हसू, आणि खुर्चीवाल्यांचे डोळे त्यानेच भरून आले. वरणाला फोडणी काय आणि उकळी काय यातला फरक अजून त्यांना नीट कळत नव्हता, पाव दोनदा जळत होता, तिच्या अंगावरचे कपडे ते उलटे घालत आणि मग परत सुलटे घालत. पण साखरेचा डबा सापडला होता. औषधांच्या वेळा चुकत नव्हत्या. पाठीला जखम होऊ दिली नव्हती. रात्री ते तिच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपत.

वाचा शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा यायची. चित्रांचे पत्ते दाखवायची. पेला, चाक, मांजर. आधी नुसते आवाज, मग अर्धे शब्द, मग एके दिवशी ‘मांजर’ अख्खं आलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. खुर्चीवाल्यांनीही वाजवल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवता त्यांच्या लक्षात आलं. ही बोलणार. आज मांजर म्हणाली, उद्या आणखी काही म्हणेल. इतके दिवस तिने बोलावं म्हणून ते जीव टाकत होते, हे खरं. आणि तिने बोलू नये असंही त्यांना वाटत होतं, हेही तितकंच खरं. माणूस असा दोन्हीकडून पिंजला जातो तेव्हा त्याला आपली कणव येत नाही. किळस येते. पत्ते ते स्वतःच रोज तिच्याकडून घोकून घ्यायला लागले, बाईंनी सांगितलं होतं त्याहून जास्त. जणू काही आपल्याच फासाची दोरी आपण वळतोय, असं त्यांना वाटे.

मुलगी निकाल ऐकायला आली तो रविवार. घर स्वच्छ होतं. आई खुर्चीत, केस विंचरलेले, अंगावर इस्त्रीचं. मुलीने सगळं फिरून पाहिलं, औषधांचा डबा पाहिला, आईची पाठ पाहिली. मग खुर्चीजवळ स्टूल ओढून बसली.

“बाबा, मी चुकले. तुम्ही छान करताय.” मग आईकडे वळली. “आई, तूच सांग. माझ्याकडे येतेस, का बाबांपाशी राहतेस? घाई नाही. जमेल तसं सांग.”

आईने बराच वेळ ओठ जुळवले. मग म्हणाली, “नळ.”

“नळ? पाणी हवंय?”

मान नाही म्हणून हलली. डाव्या हाताचं बोट वर गेलं, छताकडे. “वर. नळ... चालू. मी... खाली.”

मुलीने वडिलांकडे पाहिलं. “कुठला नळ म्हणते?” आणि मग हलक्या आवाजात, “डॉक्टर म्हणाले होते ना, शब्द येतील पण सरमिसळ होतील. गोंधळतेय ती.”

तेवढं चालून गेलं असतं. खुर्चीवाल्यांना नुसतं गप्प बसायचं होतं. आयुष्यभर त्यांनी तेच तर उत्तम केलं होतं. आज गप्प बसले असते तर पुढे ती काहीही बोलली असती तरी ते सरमिसळीत जमा झालं असतं. मुलीने, शेजाऱ्यांनी, वाचा शिकवणाऱ्या बाईनेसुद्धा मान डोलावली असती, बिचारी गोंधळते. आणि ही बाई तिच्या सगळ्या उमज-समजेसकट त्या खुर्चीत बंद होऊन राहिली असती. ती त्यांच्याकडे बघत होती. वाट बघत होती म्हणा.

“गोंधळत नाहीये,” खुर्चीवाले म्हणाले. “बरोबर सांगतेय. ती पडली तेव्हा मला आवाज आला होता. त्यानंतर मी वर दाढी करत होतो. पडल्या पडल्या तिला नळ ऐकू येत होता.”

“म्हणजे? तुम्ही लगेच आलात ना खाली?”

“नाही.”

“का?”

खुर्चीवाल्यांनी तोंड उघडलं. “हाक नव्हती आली,” ते म्हणाले. बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांनाच ऐकू आलं.

मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आईची बॅग शोधायला लागली. “चल आई. आजच.”

“नाही,” आई म्हणाली. हा शब्द मात्र लख्ख आला. “घर... माझं. मी नाही.”

“मग मी इथे येते. बदली मागून घेते. पण आई, हे इथे...” मुलीने वाक्य पुरं केलं नाही.

खुर्चीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. एक शब्द पुरे होता, कुठलाही. शब्द आता तिच्याजवळ होते. तिने डोळे मिटून घेतले, पण ती झोपली नव्हती.

सामान भरायला त्यांना कधीच वेळ लागत नसे. तेवढ्यात त्यांनी मुलीला औषधांच्या वेळा सांगितल्या, खुर्चीचं पेडल जोरात नाही तर सावकाश दाबायचं ते दाखवलं. मुलीने मान हलवली, बघून घेतलं.

दोन गल्ल्या सोडून एक घर होतं, दारावर तीच पाटी. इतकी वर्षं याच गावात राहून खुर्चीवाल्यांनी ती कधी वाचली नव्हती. आपल्या गावातली पाटी कोण वाचतो? दार उघडणाऱ्या बाई बोलक्या होत्या.

“कुठून आलात?”

“जवळूनच.”

“कामासाठी?”

“हो.”

“किती दिवस?”

“ते अजून कळलेलं नाही,” खुर्चीवाले म्हणाले.

खोली बरी होती. उशी मऊ, खिडकी पूर्वेकडे, भिंतीवर कुणाचाही फोटो नाही. पण या बाईंना लवकरच त्यांची तक्रार करायची वेळ आली. दुकानदारापाशी त्या म्हणाल्या, “माझ्याकडचे ते पाहुणे न्याहारीला कधी थांबतच नाहीत हो. मी पाव भाजायला घ्यायच्या आत हे बाहेर. अंथरूण तसंच पसरलेलं, टॉवेल खाली पडलेला. या वयात कसली एवढी घाई?”

घाई अशी की, मुलगी कामावर जायच्या आत त्यांना पोचायचं असे. घराची किल्ली खिशात होती, तरी ते घंटा वाजवत. मुलगी दार उघडे आणि न बोलता आत जाई, दार उघडंच ठेवून. ते बायकोला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवत, केस विंचरत, पत्ते काढत. संध्याकाळी मुलगी परत आली की ते उठत. इतक्या दिवसांत बायकोने पत्त्यांवरचे सगळे शब्द म्हटले होते. त्यांच्याशी मात्र एकही बोलली नव्हती. पत्त्यावर असेल तेवढं म्हणायची, आणि खिडकीबाहेर बघायची.

एका सकाळी ते पोचले तेव्हा मुलगी टेबलापाशी डबा भरत होती. त्यांनी बायकोला बसवलं, पेडल सावकाश दाबलं, उशी पाठीशी सारली. वाकले असताना त्यांच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं. बायकोने मान वळवली आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“खाल्लं?”

“हो तर,” ते घाईघाईने म्हणाले. “तिकडे न्याहारी मिळते ना. चांगली असते.”

तिने ओठ जुळवले. वेळ लागला. “खोटं,” ती म्हणाली.

टेबलापाशी मुलीचे हात थांबले. ती वळली नाही. थोड्या वेळाने तिने डब्यातला पावाचा एक काप काढला, बशीत ठेवला, बशी टेबलाच्या त्यांच्या बाजूच्या कडेला सरकवली, पर्स उचलली आणि निघून गेली.

खुर्चीवाल्यांनी हात धुतले. टेबलाला खुर्च्या होत्या, त्यातली एक त्यांचीच, पण बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी तो पाव उभ्यानेच खाल्ला. बायको तो संपेपर्यंत बघत होती. मग तिने पुन्हा खिडकीकडे तोंड वळवलं, आणि ते पत्ते घेऊन तिच्याजवळ गेले.